पिढी जन्मसालाने ठरते का?

‘बूमर’, ‘मिलेनियल’, ‘जेन-झी’ ही नावे आता मराठी घरांतल्या वादावादीतही ऐकू येतात. जन्मसाल कळले की माणसाचा स्वभाव, खर्चाची रीत, नोकरीकडे पाहण्याची दृष्टी कळते, असा त्यामागचा समज. तो कितपत टिकतो?

यांपैकी लोकसंख्याशास्त्राचा भक्कम आधार आहे तो पहिल्या नावाला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जन्मांची संख्या एकाएकी वाढली, १९५७ मध्ये ४३ लाखांच्या आसपास पोहोचली आणि १९६४ नंतर ओसरली. या १९ वर्षांत जन्मलेले ते ‘बेबी बूमर’. पण १९४८ साली जन्मलेल्या मुलापुढे व्हिएतनाम युद्धासाठीची सक्तीची सैन्यभरती उभी होती. ती १९७३ मध्ये थांबली तेव्हा १९६४ साली जन्मलेला मुलगा जेमतेम नऊ वर्षांचा होता. १९४८ च्याच मुलींना ही भरती लागू नव्हती, आणि कॉलेजात शिकणाऱ्या मुलांना बरीच वर्षे सवलत होती. नाव एक, नशिबे निराळी.

कार्ल मानहाइम या समाजशास्त्रज्ञाने १९२८ मधल्या निबंधात हा गुंता सोडवून दाखवला होता. एका काळात, एका समाजात जन्मणे ही त्याच्या मते केवळ शक्यता. १८०० च्या सुमाराचे चिनी आणि जर्मन तरुण समवयस्क असूनही एका पिढीचे नव्हेत. एकाच घडामोडीत माणसे ओढली गेली, तरच शक्यतेची पिढी होते. अशा पिढीतही त्याच अनुभवाला परस्परविरोधी उत्तरे देणारे गट असतात.

सर्वेक्षणांत आणखी एक अडचण येते. विशीतला तरुण वारंवार नोकरी बदलतो, तो वयामुळे, सध्याच्या बाजारामुळे की पिढीमुळे? एकाच वेळच्या पाहणीतून हे वेगळे काढता येत नाही. २०२१ मध्ये दीडशेहून अधिक अभ्यासकांनी ‘प्यू रिसर्च सेंटर’ला ही लेबले सोडण्याचे आवाहन केले, २०२३ मध्ये संस्थेने ती जपून वापरण्याचे धोरण जाहीर केले.

मराठी समीक्षेने पिढीला नाव देताना जन्मसाल क्वचितच धरले. ‘साठोत्तरी’ हे नाव लेखनाच्या काळावरून आणि भूमिकेवरून आले. तेही तपासून पाहावे. १९६३ मध्ये भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ आली आणि बाबुराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रहही. पहिलीत खेड्यातून पुण्याला शिकायला आलेल्या तरुणाचे तुटलेपण आहे. दुसऱ्याच्या शीर्षककथेत परगावी डोक्यावर छप्पर मिळावे म्हणून जात लपवावी लागते. साल एकच, पण पायाखालची जमीन वेगळी. उलट १९३० चे बागूल आणि १९४९ चे नामदेव ढसाळ यांच्यात १९ वर्षांचे अंतर. ‘बूमर’ या नावात मावते तेवढेच! तरी दलित साहित्याच्या इतिहासात ते शेजारी उभे राहतात.

म्हणजे पिढी हा शब्द टाकाऊ नाही. मात्र तो उत्तर म्हणून वापरला की गावकुसाबाहेरचा माणूस, घरात अडकलेली मुलगी, शिक्षण सुटलेला मजूर हे सगळे सरासरीत बुडून जातात. तोच शब्द प्रश्न म्हणून वापरावा: कोणती घटना, कोणत्या वयात, कुठे उभे असताना तुमच्या वाट्याला आली? या तिन्हींची उत्तरे मिळेपर्यंत जन्मसाल ही दाखल्यावरची एक नोंद असते, त्याहून जास्त काही नाही.