कानाआड केलेलं दुखणं

बँकेत मी ३३ वर्षं काढली. टेबलासमोर दोन खुर्च्या असायच्या, पण आलेल्या माणसाला मी नेहमी उजवीकडचीच खुर्ची दाखवीत असे. सहकाऱ्यांना ती माझी साहेबी लकब वाटे. एकाने तर त्यात वास्तुशास्त्र शोधलं होतं! खरं कारण साधं होतं. माझा डावा कान बऱ्याच वर्षांपासून अर्धपगारी रजेवर होता.

ती रजा सुरू झाली कोकणातल्या आमच्या घरी. मी सहा-सात वर्षांचा असेन. श्रावणाची झड लागलेली, आठवडाभर नाक वाहत होतं आणि एका रात्री कानात ठणका लागला. आईने लसणाची पाकळी घालून खोबरेल कोमट केलं, दोन थेंब कानात सोडले, वर कापसाचा बोळा लावला. पहाटे कान फुटला. उशी पिवळी झाली आणि ठणका एकदम थांबला. ‘तेलाचा गुण आला’ म्हणून घर निश्चिंत झालं.

आईच्या मायेत काही कमी नव्हतं. पण गुण तेलाचा नव्हता. पडद्यामागे कोंडलेला पू पडदा फाडून बाहेर पडला, म्हणून दुखणं थांबलं होतं.

कानाच्या पडद्यामागे हवेची एक छोटी पोकळी असते. तो मधला कान. तिथून एक नळी निघते ती नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात उघडते. तिचं नाव युस्टेशियन नळी. घाटातून उतरताना कानाला दडे बसतात आणि आवंढा गिळला की सुटतात, ते ही नळी उघडल्यामुळेच. लहान मुलांत ती आखूड आणि बरीचशी आडवी असते. सर्दीने ती सुजून बंद झाली की पडद्यामागे पाणी साचतं आणि त्यात जंतू वाढतात. म्हणजे मुलांचं हे दुखणं बहुतेक वेळा नाकाच्या वाटेने येतं आणि आपण तेल ओततो कानाच्या दारातून! पडदा शाबूत असेल तर ते आत पोचत नाही. फाटलेला असेल तर नको तिथे पोचतं.

असे फाटलेले पडदे बहुधा काही आठवड्यांत आपोआप सांधतात. माझा सांधला नाही. दर पावसाळ्यात सर्दी व्हायची, मी विहिरीत सूर मारायचो आणि कान वाहायचा. ‘मोठा झाला की थांबेल’ असं सगळे म्हणत. ठणकणाऱ्या कानासाठी घर रात्रभर जागतं. वाहणाऱ्या कानाच्या वाट्याला फक्त कापसाचा बोळा येतो.

त्याची किंमत मला १९८९ साली कळली. तालुक्याच्या गावी शाखेत होतो. एक म्हातारे शेतकरी माझ्या डाव्या हाताला उभे राहून कर्जाच्या हप्त्याला मुदत मागत होते. अशी गोष्ट कुणी मोठ्याने मागत नाही. मी लेजरमध्ये मान घालून बसलेलो. दोनदा विचारून ते निघून गेले. संध्याकाळी शिपाई म्हणाला, “साहेब, बाबा म्हणत होते, साहेबांनी मानसुद्धा वर केली नाही.” मी निरोप पाठवला. हप्त्याची सोय झाली, पण ते माझ्या टेबलाशी पुन्हा कधी आले नाहीत.

त्यानंतर मी शस्त्रक्रिया करून घेतली. कानाच्या वरच्या स्नायूवरचं पातळ आवरण काढून त्याचं ठिगळ पडद्याला लावतात. कान वाहायचा थांबला, ऐकूही बरंच येऊ लागलं. सगळं मात्र परत आलं नाही. आतली नाजूक हाडं तोवर झिजली होती.

इतकं भोगलेला माणूस शहाणा झाला असेल, असं तुम्हांला वाटेल. गेल्या वर्षी माझा पाच वर्षांचा नातू हाकेला ओ देईना. शाळेतूनही तक्रार आली, ‘लक्ष देत नाही’. एका दुपारी चौथ्या हाकेनंतर मी ओरडलो, “बहिरा आहेस का रे?” तो दचकून वळला आणि म्हणाला, “आजोबा, तुम्हीच हळू बोलता.”

मी चरकलो. दुसऱ्याच दिवशी त्याला डॉक्टरबाईंकडे नेलं. ताप नाही, ठणका नाही, पण दोन्ही पडद्यांमागे चिकट पाणी साचलेलं. ते बहुधा तीनेक महिन्यांत आपोआप ओसरतं. नाही ओसरलं आणि ऐकू कमीच येत राहिलं, तर पडद्यात बारीक नळी बसवावी लागते. त्याचं ओसरलं.

डॉक्टरबाईंकडून जे शिकलो ते इथे सांगतो. ठणका लागला तर मुलाच्या वजनाप्रमाणे पॅरासिटॅमॉल द्यावं. अँटिबायोटिक लगेच द्यायचं की दोन दिवस वाट पाहायची, हे डॉक्टरांनी कानात पाहून ठरवावं. सुरू केलं तर मध्येच सोडू नये. मागच्या वेळचे उरलेले थेंब घालू नयेत, कारण पडदा फाटलेला असताना काही औषधं आतल्या कानाला अपाय करतात. दोन आठवडे कान वाहत राहिला किंवा त्याला घाण वास येऊ लागला, तर कान-नाक-घशाच्या तज्ज्ञाला गाठावं. आतलं हाड कुरतडणारा एक आजार असाच गुपचूप वाढतो. कानामागे सूज, चेहरा वाकडा होणं, चक्कर, उलट्या, असह्य डोकेदुखी यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालयात जावं.

टाळण्याच्या गोष्टी साध्या आहेत. तान्ह्याला आडवं निजवून बाटली देऊ नये, अंगावरचं दूध उत्तम. घरात विडी-सिगारेट नको. नाक शिंकरताना एकेक नाकपुडी, हलकेच. कानात काडी, पिन, स्कूटरची किल्ली घालू नये. पडद्याला भोक असेल तर आंघोळीपुरता व्हॅसलिन लावलेला बोळा ठेवावा आणि पोहणं टाळावं. न्यूमोकोकल लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आणि २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात आली आहे. ती चुकवू नये.

आणि ‘मूल ऐकत नाही’ असं म्हणण्याआधी त्याला ऐकू येतं का, ते पाहावं. पाण्याचं निदान होऊन तीन महिने झाल्यावर मी नातवाच्या मागे उभा राहून अगदी हळू म्हटलं, “श्रीखंडाची गोळी.” तो गर्रकन वळला आणि हात पुढे केला. खिशात गोळी नव्हती. चप्पल घालून दुकानात जावं लागलं.