ध्वनिफितीतले हरवलेले खेळ

जुना ग्रंथ हरवतो म्हणजे काय होते, हे आपणांस सांगावे लागत नाही. पण संगणकावरचा खेळ हरवतो, म्हणजे नेमके काय हरवते? एक विशिष्ट यंत्र डोळ्यांसमोर ठेवले म्हणजे उत्तर सोपे होईल. सिंक्लेअर कंपनीने एप्रिल १९८२ मध्ये इंग्लंडात ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ हा घरगुती संगणक जाहीर केला. त्यातल्या थोरल्या यंत्राची किंमत १७५ पौंड. पडदा म्हणून घरचाच टेलिव्हिजन, आणि खेळ साठवायला गाण्यांची साधी कॅसेट. पुढे १९८६ पासून डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन हे यंत्र भारतातही विकले. तेव्हा आपल्यापैकी कोणाच्या माळ्यावर अशी एखादी फीत पडली असेल, तर नवल नाही.

ती फीत वाजवली तर नुसती कर्कश किंचाळी ऐकू येते. ती किंचाळी हाच खेळ होय! संगणकाची लिपी शून्य आणि एक या दोनच चिन्हांची. स्पेक्ट्रम शून्यासाठी आखूड ध्वनितरंग वापरी आणि एकासाठी त्याच्या दुप्पट लांबीचा. वाचताना प्रत्येक तरंगाला किती वेळ लागला, एवढेच ते मोजी. ४८ किलोबाइटांची स्मृती भरायची म्हणजे जवळजवळ चार लाख चिन्हे, आणि पाचेक मिनिटांची किंचाळी.

खरी अडचण येथेच आहे. गाण्याच्या फितीला बुरशी लागली तर आवाज खरखरतो, पण गाणे हरवत नाही. येथे मात्र लाखांत एक चिन्ह उलटे वाचले गेले, तरी यंत्र सगळा मजकूर नाकारते. शिवाय मुद्रण करणाऱ्या यंत्राचे डोके किंचित तिरके असेल, तर वाचणाऱ्याचेही तितकेच तिरके करावे लागते; ते न जमल्यास आखूड तरंग आधी बुजतात.

मग उपाय काय? पोथ्यांचा जो असतो तोच. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताच्या अनेक पोथ्या ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला. तसेच एकाच खेळाच्या दोन फिती ताडून पाहतात. एकीत जेथे थर झडला असेल, तेथे दुसरी बहुधा शाबूत असते. पोथीपेक्षा येथे एक सोयही आहे. प्रत्येक भागाच्या शेवटी ताळ्याचा एक अंक असतो. आठ-आठ चिन्हांच्या ओळी एकाखाली एक मांडल्या, तर प्रत्येक रकान्यात ‘एक’ किती आले, सम की विषम, एवढे तो सांगतो. चूक आहे हे त्यावरून कळते. कोठे आहे हे कळत नाही. पण नक्कल होऊ नये म्हणून कित्येक प्रकाशकांनी तरंगांच्या लांब्याच बदलल्या आणि स्वतःच्या गुप्त रीती काढल्या. म्हणून जतन करणारे आधी किंचाळीच जशीच्या तशी उतरवून घेतात, अर्थ मागाहून लावतात. तो लागला, की आजच्या संगणकावर जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल चालवून खेळ खेळता येतो.

१९९५ मध्ये नेदरलंड्समधील मार्टिन व्हान डर हायडे यांनी ‘वर्ल्ड ऑफ स्पेक्ट्रम’ हा संग्रह सुरू केला. रणांगणावर बेपत्ता झालेल्या सैनिकांची असावी तशी बेपत्ता खेळांची यादीही त्यात होती. अशी यादी करणे वाटते तितके सोपे नाही. लिव्हरपूलच्या इमॅजिन कंपनीने ‘बँडरस्नॅच’ या खेळाच्या जाहिराती केल्या, पण १९८४ साली कंपनीच बुडाली आणि तो खेळ बाजारात आलाच नाही. जाहिरात सापडली म्हणून खेळ होता असे धरून चालता येत नाही. गाजलेल्या खेळांच्या प्रती हजारोंनी निघाल्या, त्यांची चिंता नको. एखाद्या शाळकरी मुलाने घरी रचून टपालाने विकलेल्या खेळाची मात्र दुसरी प्रत ताडायलाही मिळत नाही.

कायदाही आडवा येतो. प्रकाशक बुडाला तरी हक्क उरतात. ते कोणाकडे गेले हे शोधावे लागते. काही हक्कदारांनी खेळ वाटण्यास साफ नकार दिला. माझ्या मते त्यांच्या नकाराचा मान राखावा, पण प्रत उतरवून ठेवण्यास त्यासाठी थांबू नये. फीत थांबत नाही.

घरी अशी फीत सापडल्यास ती चालते का हे पाहण्यासाठी उगाच वाजवू नये. वाजवणाऱ्या यंत्राचे डोके प्रथम स्वच्छ करावे आणि पहिल्याच वाजवण्यात आवाज नव्या साधनावर उतरवून घ्यावा. छापील वेष्टनाच्या फिती मागाहून घेतल्या तरी चालेल. हाताने नाव लिहिलेल्या आधी घ्याव्यात.