बोट झिजले की यंत्र झोपले?

परवा आम्ही गावच्या सेवा केंद्रात बसलो होतो. एक म्हातारी आली. श्रावणबाळ योजनेचे पैसे बँकेत जमा झाले होते, ते तिला काढायचे होते. तिने यंत्रावर बोट ठेवले. यंत्राचा दिवा काही लागेना. केंद्रातला पोरगा म्हणाला, "आजी, बोट झिजलंय तुमचं. उद्या या."

म्हातारी बोटाकडे बघत राहिली. जन्मभर खुरपे धरलेले बोट ते! तिला ते खरेच वाटले. पण दोष बोटाचा नव्हता. मग कोणाचा? सांगतो, ऐका.

बराच वेळ काम नसले म्हणजे संगणक झोपतो. वीज वाचावी म्हणून तशी सोय केलेली आहे. चालू काम तेवढे तो ध्यानात ठेवतो. बाकी बहुतेक भागांची वीज तोडतो.

बोटाचे यंत्र संगणकाला वायरीने जोडतात. या जोडणीला यूएसबी म्हणतात. एकाच वायरीतून यंत्राला वीजही मिळते आणि निरोपही जातो. पण यंत्राची बोली संगणकाला कळत नाही. मध्ये दुभाषा लागतो. असा दुभाषा प्रोग्रॅम संगणकात बसवलेला असतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. हा गाडी हाकणारा ड्रायव्हर नव्हे, बरं का!

संगणक जागा झाला की दुभाषा यंत्राला हाक मारतो. यंत्राने ओ द्यायची असते. कधी कधी ते ओ देत नाही. मग संगणक जागा, पण यंत्र झोपलेलेच! अशा वेळी बोटाला बोल लावणे म्हणजे आजार म्हशीला आणि औषध पखालीला.

यावर उपाय सोपे आहेत.

१. वायर काढावी. दहा आकडे मोजावेत. वायर पुन्हा लावावी. यंत्राची ओळख नव्याने पटते.

२. तरी चालले नाही तर वायर दुसऱ्या खाचेत लावून पाहावी.

३. मग संगणक 'रीस्टार्ट' करावा. नुसते 'शट डाउन' पुष्कळदा पुरत नाही. विंडोज १० आणि ११ मध्ये तेव्हा ड्रायव्हरची जुनी स्थिती जपून ठेवली जाऊ शकते. रीस्टार्ट केले की ड्रायव्हर नव्याने सुरू होतो.

४. रोजच असे होत असेल तर केंद्रवाल्याने 'डिव्हाइस मॅनेजर' उघडावे. त्यात 'यूएसबी रूट हब' असते. त्याच्या 'पॉवर मॅनेजमेंट' पानावर, वीज वाचवण्यासाठी हा भाग बंद करण्याची मुभा दिलेली असते. तिथली बरोबरची खूण काढावी. ड्रायव्हर जुना असेल तर नवा बसवावा.

आम्ही त्या पोराला म्हणालो, "बाळ, वायर काढून परत लाव बघू." त्याने लावली. दिवा लागला. आजींनी बोट ठेवले आणि पैसे मिळाले. 'उद्या या' म्हणजे गरिबाची एक दिवसाची मजुरी बुडते. ती वाचली.

आता खरोखरच बोट जुळले नाही, तर पडद्यावर तसा मजकूर येतो. तेव्हा हात धुऊन, कोरडा करून दुसरे बोट ठेवून पाहावे. पण 'यंत्र जोडलेले नाही' असा मजकूर आला, तर तुमच्या बोटाचा काही दोष नाही.

मंडळी, तुम्ही आता वाचायला शिकला आहात. पडद्यावरचा मजकूर इंग्रजीत असला तरी घाबरू नका. सरळ म्हणा, "काय लिहिलंय ते वाचून सांगा." मगच घरी जायचे की थांबायचे ते ठरवा.