सायकल एकाची, सफर घराची

2019 साली नवी मुंबईचे वकील कबीर राचुरे यांनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही शर्यत एकट्याने पूर्ण केली. पॅसिफिकच्या काठावरच्या ओशनसाइडपासून पूर्वेच्या अ‍ॅनापोलिसपर्यंत सुमारे 4,800 किलोमीटर, तेही बारा दिवसांच्या मुदतीत. त्यांच्या साहाय्यक चमूची सूत्रं होती बहीण सपना यांच्याकडे. त्याआधी 2015 मध्ये नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी हीच शर्यत जोडीनं पार केली. एक सायकलवर, तर दुसरा गाडीत विश्रांतीला. फोटो छापून येतो तो सायकलस्वाराचा. पण लांबच्या सफरीचं निम्मं काम गाडीतली माणसं करतात, आणि ते काम शिकावं लागतं.

शिकायला नांदेड-लातूर रस्त्याइतकी चांगली शाळा मराठवाड्यात क्वचितच मिळेल. लोहा, माळेगाव, अहमदपूर, शिरूर ताजबंद, चाकूर असा सुमारे 140 किलोमीटरचा हा टप्पा. लातूर नांदेडपेक्षा अडीचशे मीटरहून अधिक उंचावर आहे, त्यामुळे जाताना बालाघाटचे चढ पायांची परीक्षा बघतात. नवख्या कुटुंबानं लातूरहून निघावं. उतार साथ देतो.

दिवसा गाडीनं सायकलच्या मागे रांगत जाणं चुकीचंच. महामार्गावर मागून येणाऱ्या वाहनांना ती अडथळा होते. त्यापेक्षा आठ-दहा किलोमीटर पुढे जायचं, सावली बघून रस्त्याच्या कडेला थांबायचं आणि वाट पाहायची. बाटली चालत्या गाडीतून द्यायची नाही. एकानं खाली उतरून बाटली वरच्या टोकाला धरायची, म्हणजे सायकलस्वाराला तिचं पोट पकडता येतं. हात बसेपर्यंत चार पावलं सोबत पळायचं. नुसतं पाणी पाजत राहणं घातक ठरू शकतं. घामातून मीठ जातं आणि रक्तातलं सोडियम घटतं, म्हणून दर दुसऱ्या बाटलीत मीठ-साखर-लिंबू हवंच. खाण्यासाठी अर्धापूरची केळी, गूळ-शेंगदाणे आणि दह्यासोबत धपाटे यांच्यापुढे परदेशी जेलची मातब्बरी नाही. फक्त तासाला थोडं थोडं द्यायचं. भूक लागल्यावर दिलेलं खाणं उशिरा पोहोचतं.

पंक्चरचं म्हणाल तर इथला मुख्य शत्रू सराटा. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून हलक्या हातानं बोट फिरवायचं. बारीक काटा तिथंच अडकून राहिला असेल तर नवी ट्यूबही पाच मिनिटांत बसते. हे काम घरातल्या शाळकरी मुलाला द्यावं. मुलं ते मन लावून करतात.

ऋतू हिवाळ्याचा निवडावा, पण त्याचेही धोके आहेत. ऑक्टोबरात शेतकरी रस्त्यावर सोयाबीन वाळत घालतात. त्या दाण्यांवरून बारीक टायर सहज घसरतो. पुढे ऊसतोड सुरू झाली की ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, आणि बऱ्याचदा मागे दिवा नाही. अंधार पडताच गाडीची जागा बदलते. अमेरिकेच्या शर्यतीत रात्री साहाय्यक गाडीनं सायकलच्या थेट मागेच राहावं, असा नियम आहे. तिच्या उजेडात स्वाराला रस्ता दिसतो आणि मागच्यांना स्वार दिसतो. हौशी कुटुंबानं मात्र या रस्त्यावर रात्रीची फेरी टाळलेलीच बरी.

सगळ्यात अवघड असते ती माया. माळेगावच्या पुढचा चढ बघून आईचा जीव कासावीस होतो, ‘बस आता गाडीत’ असं ती म्हणते, आणि दमलेल्या माणसाला तेवढंच निमित्त पुरतं. म्हणून थांबायचं कधी, हे आदल्या रात्री घरीच ठरवावं: चक्कर, बोलण्यात तोतरेपणा किंवा घाम आटणं यापैकी काही दिसलं तर सायकल बंद, त्यावर चर्चा नाही. एरवी निर्णय सायकलस्वाराचा. आणि चालक दोन हवेत. संथ गतीनं, थांबत थांबत सात-आठ तास गाडी चालवणाऱ्याला डुलकी लागते. अहमदपूरला चहा झाला की किल्ली दुसऱ्याच्या हाती द्यावी.