स्की कॅम्पमधले तांडेल

हा आपल्या या आठवड्याच्या एपिसोडचा लिखित मजकूर. इअरफोन घरी विसरलेल्यांसाठी, आणि विरार फास्टमध्ये खिशातून फोन काढण्याइतकी जागा मिळालेल्या भाग्यवंतांसाठी. ऑडिओत मी मध्ये मध्ये अडखळलोय, ते इथे काढून टाकलंय.

गेल्या फेब्रुवारीत मी मनालीजवळ सोलंगला चौदा दिवसांचा बेसिक स्की कोर्स केला. फोटो टाकल्यावर तुम्ही बरंच विचारलंत. खर्च किती आला, जॅकेट कुठून घेतलं, कितीदा पडलास. (शेवटच्याचं उत्तर: मोजणं तिसऱ्या दिवशी सोडलं.) पण हा कॅम्प नक्की चालवतं कोण, हे कोणीच विचारलं नाही. तेच आज सांगतो.

आधी थोडा इतिहास

भारतात स्कीइंग इंग्रजांनी आणलं. १९२७ साली गुलमर्गला ‘स्की क्लब ऑफ इंडिया’ सुरू झाला. १९४८ मध्ये तिथेच लष्कराने आपली स्की शाळा काढली. तीच पुढे ‘हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल’ झाली. मनालीची पर्वतारोहण संस्था १९६१ पासून आहे, आज तिला अटल बिहारी वाजपेयींचं नाव आहे. उत्तराखंडात औलीला इंडो-तिबेट सीमा पोलिसांची संस्था आहे.

म्हणजे आपल्याकडे हा खेळ रिसॉर्टमधून कमी आणि फौजी शिस्तीतून जास्त आला. म्हणूनच बऱ्याच कॅम्पमध्ये शिकवणाऱ्याला आजही ‘उस्ताद’ म्हणतात. आमच्या कॅम्पमध्येही तेच.

उस्ताद

आमचे उस्ताद सोलंगच्या आसपासच्याच गावचे. लहानपणी लाकडी फळ्यांवर घसरत शिकलेले. या गावांतून मोठे खेळाडूही आलेत. बुरुआ गावच्या आंचल ठाकूरने जानेवारी २०१८ मध्ये तुर्कीत कांस्यपदक मिळवलं, आंतरराष्ट्रीय स्की स्पर्धेतलं भारताचं पहिलं. काश्मीरचा आरिफ खान २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकला गेला, त्या वेळी अख्ख्या भारतीय संघात तो एकटाच खेळाडू होता.

पण उस्तादांचा दिवस पदकांचा नसतो. सकाळी आम्ही चहा पीत असायचो तेव्हा ते तिघं-चौघं उतारावर आडवे उभे राहून, स्की आपटत आपटत ताजा बर्फ दाबत वर चढत असायचे. परदेशात हे काम मशीन करतं. इथे पाय करतात. तो उतार दाबला नाही तर आपल्यासारखा नवखा पहिल्याच वळणाला गुडघ्यापर्यंत आत जातो.

स्टोअरवाले भैया

आता माझी एक चूक. सामान घेताना स्टोअरमधल्या भैयांनी वजन विचारलं. मागे बॅचमधल्या मुली उभ्या होत्या. मी सहा किलो कमी सांगितलं.

स्कीवर बूट अडकवणारी जी पकड असते ना, बाइंडिंग, तिला एक आकडा लावतात. वजन, उंची, बुटाच्या तळव्याची लांबी आणि तुम्हाला कितपत येतं यावरून तो ठरतो. पडताना ठराविक जोर आला की पकड सुटते, म्हणून गुडघा वाचतो. आकडा जास्त लावला तर स्की सुटत नाही आणि पाय पिरगळतो. कमी लावला तर चालता चालता सुटते.

माझी स्की दोन दिवस दर वळणाला सुटत होती. मला वाटलं सामान खराब आहे, मी तक्रार घेऊन गेलो. भैयांनी स्की बघितलीच नाही. मला बघितलं आणि म्हणाले, “वजन फिर से बोलो, भाई.” सगळ्यांसमोर. बरोबर आकडा लावला आणि प्रश्न संपला. इनपुट चुकीचं दिलं तर आउटपुट चुकीचंच येणार, हे मी ऑफिसात ज्युनियरना शिकवतो.

स्वयंपाकघर

महाराज पहाटे साडेचारला उठायचे, कारण नळ गोठलेला असायचा आणि चाळीस जणांना गरम पाणी लागायचं. राजमा, भात, शिरा, भरपूर तूप. थंडीत दिवसभर चढ-उतार केल्यावर हे जड वाटत नाही. पण त्यांचं खरं काम वेगळंच. कोणी अर्धं ताट ठेवून उठला की ते उस्तादांना जाऊन सांगायचे. डोकं दुखतंय हे मुलं लपवतात, पण ताट लपत नाही. चौथ्या दिवशी आमच्यातल्या एकाचा ताप असाच पकडला गेला.

आणि तो अकरावा दिवस

अकराव्या दिवशी आम्हाला सरावाच्या उतारापलीकडे, वरच्या मोकळ्या डोंगरावर नेणार होते. सगळी बॅच त्याचीच वाट बघत होती. आदल्या रात्री जोरात बर्फ पडला. सकाळी लख्ख ऊन, निळं आकाश.

उस्ताद एकटे थोडं वर गेले, फावड्याने खड्डा खणला, खाली आले आणि म्हणाले, “आज नहीं.”

बॅच नाराज झाली. मी तर फोन पुढे केला. “सर, देखिए, पूरा दिन धूप है.” ते चिडले नाहीत. मला हाताला धरून त्या खड्ड्यापाशी घेऊन गेले.

बर्फ एकसारखा नसतो, थर असतात. खड्ड्याच्या भिंतीत ते दिसत होते. वर नवा जड थर आणि त्याखाली साखरेसारखा सुटा, दाणेदार बर्फ. त्यांनी बर्फाचा एक खांब मोकळा कापला, वर फावड्याचं पातं ठेवलं आणि थापट्या मारायला लागले. पहिल्या दहा मनगटातून, पुढच्या दहा कोपरातून, शेवटच्या दहा खांद्यातून. खांब जितक्या लवकर सरकेल तितका धोका जास्त. आमचा खांब मनगटाच्या थापट्यांतच सरकला, अख्खी लादी सपाट सुटून माझ्या बुटावर आली.

वरचा उतार जेमतेम पस्तीस अंशांचा. मला तो सोपा वाटत होता. पण हिमस्खलन बहुतेक वेळा तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवरच होतं. त्याहून सपाट असेल तर बर्फ सरकत नाही, फार उभा असेल तर साठतच नाही. म्हणजे स्कीइंगला जो उतार मजेचा, तोच घातक. आणि अपघातात सापडलेल्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत ती लादी त्यांच्याच किंवा त्यांच्या सोबत्याच्या वजनाने सुटलेली असते. माझं ॲप आभाळाचं सांगत होतं, पायाखालचं नाही.

गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढला तर वाचण्याची शक्यता चांगली असते, त्यानंतर ती झपाट्याने घटते. इतक्या वेळात बाहेरून मदत येत नाही. म्हणून प्रत्येकाच्या अंगावर बीकन, पाठीवर फावडं आणि शोधायची लांब काठी हवी, आणि ती वापरता यायला हवी. तेवढं असूनही खात्री नसते. फेब्रुवारी २०१० मध्ये गुलमर्गजवळ खिलनमर्गला त्याच लष्करी शाळेचे १७ जवान हिमस्खलनात गेले. ते नवखे नव्हते.

बरं, त्या दिवशी पुढे काय झालं? काहीच नाही. तो उतार संध्याकाळपर्यंत जसाच्या तसा होता. जेवताना एकजण म्हणालासुद्धा, “उगाच घाबरले.” उस्तादांनी ऐकलं, पण काही बोलले नाहीत. या कामाचा हाच त्रास आहे. “चला” म्हणालात आणि चुकलात तर सगळ्यांना कळतं. “नाही” म्हणालात आणि बरोबर असलात, तर ते कधीच सिद्ध होत नाही.

अर्नाळ्याचा प्रश्न

परत आल्यावर अर्नाळ्याला मित्राच्या घरी गेलो होतो. त्याचे बाबा तांडेल आहेत, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. त्यांना ही गोष्ट सांगितली. वाटलं होतं, समुद्राचं काहीतरी सांगतील. त्यांनी एवढंच विचारलं, “मग त्या माणसाला त्या दिवसाचे पैसे भेटले का?”

मी विचारलंच नव्हतं. काकांना ते लगेच सुचलं, कारण होडी काढायची नाही असं त्यांनी ठरवलं की खलाशांचा दिवस बुडतो. हे त्यांच्या तोंडावर कोणी बोलत नाही, पण त्यांना ठाऊक असतं.

रात्री उस्तादांना मेसेज केला. उत्तर आलं: कोर्स असेल तर पैसे ठरलेले, एखादा दिवस गेला तरी मिळतात. पण खाजगी गाइडिंगमध्ये पाहुणा वर गेला नाही तर बऱ्याचदा पैसे नाहीत. वर सीझन जेमतेम तीन महिन्यांचा. उरलेल्या वर्षात सफरचंदाची बाग, राफ्टिंग, टॅक्सी. आणि आता बर्फाचाही भरवसा नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग जवळपास कोरडं होतं. २०२५ मध्ये तिथले खेलो इंडिया हिवाळी खेळ बर्फ नसल्यामुळे फेब्रुवारीतून मार्चवर ढकलावे लागले. इतक्या छोट्या सीझनमध्ये “आज नहीं” म्हणणं किती महाग पडत असेल, बघा.

म्हणून कॅम्प बुक करताना जॅकेटच्या आधी हे विचारा:

– रद्द करायचा निर्णय कोणाचा, डोंगरावरच्या माणसाचा की ऑफिसचा?
– रद्द झालेल्या दिवसाचे पैसे गाइडला मिळतात का?
– बीकन, फावडं, काठी प्रत्येकाला मिळतं का, आणि शोधायचा सराव करून घेतात का?
– एका उस्तादामागे किती जण?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर “नाही” असेल, तर तुमच्या गाइडला खरं बोलायची किंमत स्वतःच्या खिशातून द्यावी लागते. तिथे जाऊ नका, किंवा आधीच सांगून टाका की वर नेलं नाही तरी पूर्ण पैसे देणार.

आणि हो, वजन खरं सांगा.

पुढच्या आठवड्यात भेटू. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, पण प्लीज, लोकल प्लॅटफॉर्मला लागताना रेकॉर्ड करू नका, काही ऐकू येत नाही!