विसावा आणि जू : पंडिता रमाबाईंच्या शांतीचा शोध

सन १८९१. पंडिता रमाबाईंचे वय तेहेतीस. आदल्या वर्षाच्या अखेरीस त्यांनी शारदासदन मुंबईहून पुण्यात आणले होते. विधवा मुलींची शाळा आणि वसतिगृह, त्यांचे जेवणखाण, दुखणीखुपणी, अमेरिकेतल्या देणगीदारांना पाठवायचे अहवाल, सुधारकांच्या सल्लागार समितीशी चाललेला पत्रव्यवहार, वर्तमानपत्रांतली टीका आणि पदरी दहा वर्षांची मनोरमा. श्वास घ्यायला उसंत नाही असे ते दिवस. नेमक्या याच धबडग्यात आपल्याला खरी शांती सापडली, असे त्यांनी पुढे १९०७ मध्ये आपल्या आध्यात्मिक आत्मकथनात नोंदवले आहे.

रमाबाईंचा बाप्तिस्मा इंग्लंडमधल्या वाँटेज येथे २९ सप्टेंबर १८८३ रोजी झाला. म्हणजे धर्म स्वीकारणे आणि मन निवणे यांत आठ वर्षांचे अंतर पडले. रमाबाईंच्या चरित्रात आपण धर्मांतराच्या वादाची चर्चा पुष्कळ केली. या आठ वर्षांची फारशी केली नाही. त्यांच्या शांतीचा अर्थ मात्र तिथेच दडलेला आहे.

अशांतता त्यांच्या वाट्याला लहानपणापासूनच आली होती. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणे सांगत कुटुंबासह तीर्थाटन करीत. दुष्काळाने आईवडील नेले, बहीण नेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी देश पालथा घालत १८७८ मध्ये कोलकात्यास पोहोचले. तिथे ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ हे किताब मिळाले. पण पुढे भाऊ गेला आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावीही गेले. त्याच वर्षी त्या पुण्यात आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज काढला. पंचहौद मिशनमधल्या वाँटेजच्या भगिनींशी त्यांचा परिचय झाला तो इथेच. निळकंठशास्त्री गोरे या ख्रिस्ती झालेल्या पंडिताच्या विवेचनाचाही त्यांच्यावर परिणाम झाला.

पण बाप्तिस्म्याने त्यांच्या मनातले प्रश्न मिटले नाहीत, उलट वाढले. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. त्यातल्या रमाबाई भांडखोर वाटाव्यात इतक्या स्पष्टवक्त्या आहेत. त्रैक्याचा सिद्धान्त पटवून द्या म्हणतात. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असे विचारतात. सदसद्विवेक कुणाच्या स्वाधीन करणार नाही, असे बजावतात. एका परंपरेच्या अधिकारातून सुटलेली ही स्त्री दुसऱ्या अधिकारापुढे मान तुकवायला तयार नव्हती. बुद्धी जागी होती, कामाची उमेद होती; मन मात्र निवांत नव्हते.

पुण्यात त्यांच्या हाती विल्यम हॅस्लम या इंग्लिश धर्मोपदेशकाचे आत्मकथन आले. हॅस्लम धर्मगुरू म्हणून काम करीतच होते, आणि एके दिवशी स्वतःच प्रवचन देत असताना त्यांच्या मनाचे परिवर्तन झाले. रमाबाईंना त्यात आपलेच चित्र दिसले. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळालाच नाही, असा त्यांच्या त्या वेळच्या जाणिवेचा सारांश सांगता येईल. आजवर त्या योग्य मत शोधत होत्या, योग्य आचरणाने पात्र होऊ पाहत होत्या. पात्रता आधी आणि कृपा मागून, हा हिशेबच उलटा आहे, हे त्यांना उमगले. जे मिळवायचे म्हणून त्या झटत होत्या ते आधीच दिलेले होते. घेणे तेवढे बाकी होते.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायाच्या शेवटी येशू कष्टी आणि भाराने वाकलेल्या लोकांना विसाव्यासाठी बोलावतो. मात्र त्याच दमात तो आपले जू मानेवर घ्यायला सांगतो. विसावा आणि जू एकत्र कसे? शेतकऱ्याला याचे उत्तर लगेच कळेल. जू दोन बैलांचे असते. नवखा बैल जाणत्या बैलाशेजारी जुंपला की नांगर तोच राहतो, जमीनही तीच. एकट्याने ओढण्याची धडपड तेवढी थांबते. ख्रिस्ती श्रद्धेतली शांती ही अशी आहे. ती कामातून सुटका देत नाही. सगळे माझ्या एकटीच्या बळावर उभे आहे, या समजुतीतून सुटका देते.

रमाबाईंचे पुढचे आयुष्य याची साक्ष देते. शांती मिळाली आणि वादळ सुरू झाले. त्या आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत. ज्या मुलींना यावेसे वाटे त्या येऊन बसत. सदनात धर्मशिक्षण द्यायचे नाही, असे ठरलेले असताना हे कसे, असा आक्षेप निघाला. तो निव्वळ द्वेषाचा नव्हता. विश्वासाने मुली पाठवणाऱ्या पालकांची भीती समजण्यासारखी होती. रमाबाईंचे म्हणणे असे, की सक्ती करणार नाही, पण दारही लावणार नाही. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक समितीतून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. याच सदनात शिकलेल्या गोदूबाईंनी त्याच वर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला, तोही धर्म न बदलता. हेही या प्रकरणात विसरून चालणार नाही.

पुण्याचे पाठबळ गेले, तरी काम आटले नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली, विधवा यांना घेऊन आल्या. एकेकाळी आपणही अशाच उपाशी होतो, हे त्या विसरल्या नव्हत्या. पुण्याहून दौंडकडे जाताना लागणाऱ्या केडगावला मुक्तिसदन उभे राहिले. तिथे विहिरी खोदल्या, शेती झाली, माग चालले, छापखाना निघाला. तिथल्या बायका खिळे जुळवू लागल्या. उतारवयात रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. शांतीसाठी हिब्रूत ‘शालोम’ हा शब्द आहे. नुसते गप्प बसणे असा त्याचा अर्थ नाही. त्यात पूर्णतेचा, काही उणे न राहण्याचा भाव आहे.

जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या. ज्या लेकीच्या हाती सारे सोपवायचे, तीच आधी गेली. तरी भाषांतराचे काम चालूच राहिले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला.

आजच्या पुण्यात मनःशांती बहुधा सुट्टीच्या दिवसासाठी राखून ठेवलेली असते : काम संपले की, मुले मोठी झाली की, निवृत्ती आली की. रमाबाईंच्या आयुष्यात काम कधी संपलेच नाही. त्यांची श्रद्धा ज्याला मान्य नाही त्यालाही त्यांचा एक प्रश्न टाळता येणार नाही : आपल्याला थकवते ते ओझे, की ते आपण एकट्यानेच पेलतो आहोत ही समजूत?