आदिवासींचे आरोग्य (लेखांक सहावा) : मोह, आबकारी आणि क्षय

क्षयाचा जंतू एका छातीतून दुसऱ्या छातीत कसा शिरतो, हे मागील लेखांकात आपण पाहिले. तो शिरला म्हणजे रोग जडलाच असे नव्हे. बहुतेकांच्या शरीरात तो वर्षानुवर्षे निपचित पडून असतो, आणि ज्याची प्रतिकारशक्ती उपासमारीने वा व्यसनाने खचली त्याच्या ठायी उठाव करतो. आदिवासी पाड्यांत क्षय का ठाण मांडतो, असे विचारले की ‘हे लोक दारू पितात’ हे उत्तर तालुक्याच्या गावी तत्काळ मिळते. त्यात तथ्यांश आहे. न्याय मात्र नाही.

फाल्गुन-चैत्राच्या पहाटे झाडाखाली पडलेली मोहाची पिवळसर, रसाळ फुले बायकामुले टोपल्यांत वेचतात आणि अंगणात वाळवतात. धान्य सरले की हीच फुले उकडून खाल्ली जातात, आणि हीच आंबवून मडक्यातून गाळलेला अर्क देवाला, लग्नाला, मर्तिकाला लागतो. हे पिणे निरुपद्रवी होते असे माझे म्हणणे नाही. परंतु त्याला ऋतूचा आणि रूढीचा बांध होता. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने घरची भट्टी गुन्हा ठरली, १८९२ च्या मोहा कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत फुलांच्या साठ्यावरही निर्बंध आले, आणि जे वर्षातून काही दिवस घरी होत असे ते मक्तेदाराच्या गुत्त्यावर, रोखीने नाहीतर उधारीने, बारमाही मिळू लागले. सरकारच्या तिजोरीत महसूल आला आणि पाड्यावर कर्ज आले. १९२२ साली किनाऱ्याकडून निघालेल्या देवीच्या संचाराने दक्षिण गुजरातच्या सहस्रावधी आदिवासींनी दारू सोडण्याची शपथ घेतली आणि गुत्त्यांवर बहिष्कार टाकला. गडचिरोलीत १९९३ साली झालेली जिल्हा दारूबंदीही लोकांच्याच आंदोलनाने आली. व्यसन ज्यांच्या रक्तातच आहे असे सांगितले जाते, त्यांचा हा इतिहास आहे.

आता शरीराकडे वळू. फुफ्फुसाच्या वायुकोशांत जंतूंना गिळणाऱ्या भक्षक पेशी असतात. अतिमद्यपानाने त्या दुबळ्या होतात, आणि नित्य अतिमद्यपान करणाऱ्यास क्षयाचा धोका इतरांच्या सुमारे तिप्पट असतो. एकाच द्रोणातून प्याल्याने क्षय होतो ही समजूत चुकीची आहे. रोग हवेतून पसरतो, आणि जेथे दार लोटून, दाटीने, तासन्‌तास बसून पितात त्या कोंदट झोपडीत खोकणारा एकजण पुरेसा असतो.

खरी कसोटी उपचाराच्या वेळी लागते. पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढले चार महिने तीन, असा हा क्रम आहे. त्यांतील आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड यांचा भार यकृतावर पडतो, आणि दारूचाही तेथेच पडतो. म्हणून ‘गोळ्या आणि दारू एकत्र चालणार नाही’ असे रोग्याला बजावले जाते, आणि तो ज्या दिवशी पितो त्या दिवशी आज्ञाधारकपणे गोळ्याच टाळतो! खंड पडत गेला की औषधांना न जुमानणारा जंतू उरतो. पिणाऱ्याला दटावून परत पाठवणे हा म्हणूनच वैद्यकीय प्रमाद मानला पाहिजे. त्याची यकृत-तपासणी, गोळ्या आणि व्यसनमुक्तीचा सल्ला एकाच प्राथमिक आरोग्य केंद्रात, एकाच फेरीत मिळाला पाहिजे, कारण दुसऱ्या फेरीसाठी त्याची मजुरी बुडते.

आणि अन्नाचे काय? झारखंडातील चार जिल्ह्यांत झालेल्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात क्षयरोग्यांच्या घरातील प्रौढांना माणशी दरमहा ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या देण्यात आल्या. ज्या घरांत केवळ रोग्यालाच शिधा मिळाला त्यांच्या तुलनेत येथे नवे रोगी सुमारे ३९ टक्क्यांनी कमी निघाले. रोग्याच्या खात्यावर सरकार आज पोषणासाठी दरमहा १,००० रुपये जमा करते; घरातल्या इतर माणसांच्या ताटाची तरतूद मात्र त्या रकमेत मावत नाही.

पुढील लेखांकात हिवताप.